फर्मवेअर टाकून २जीचं ४जी होत नाही

घराच्या सिक्युरिटी अलार्म पॅनलला रेंज येत नाही, फर्मवेअर (पॅनलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं तर येईल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या पॅनलमधलं मोड्यूल (सिम घालून नेटवर्कला जोडणारा भाग) २जी आहे आणि सिम जिओचं. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे फर्मवेअर कितीही नवं टाका, रेंज येणार नाही. तूर्त एअरटेलचं सिम घालून भागेल, पण पैसे खर्च करायचेच असतील तर ४जी मोड्यूलच घ्या. दुकानदाराला एवढं नक्की विचारा: व्होल्टे (४जीवरून कॉल करायची सोय) आहे का? नसेल तर जिओवर ॲपची सूचना येईल, कॉल लागणार नाही. आणि रात्री दोनला झोपेतून उठवतो तो कॉलच. सिमचा पिन आधी मोबाइलमध्ये घालून बंद करा. पिन चालू राहिला तर मोड्यूल नेटवर्कला जोडलंच जात नाही.

मोड्यूल बसवताना मेन बंद आणि बॅटरीची वायरही काढलेली हवी. पुढे कधी फर्मवेअर अपडेट करायचं असेल, तर त्या वेळी मात्र दोन्ही जोडलेले हवेत. आधी झोन (कोणता सेन्सर कुठल्या जागेचा) आणि युजर कोडचा बॅकअप घ्या, कारण काही पॅनल अपडेटनंतर फॅक्टरी सेटिंगवर जातात. पॅनलची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी मीटरने तपासा. चार्जर काढून तासाभराने १२.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर अपडेट पुढे ढकला. मध्येच वीज गेली आणि बॅटरीने दगा दिला, तर फर्मवेअर अर्धवट लिहिलेला बोर्ड बरेचदा सर्व्हिस सेंटरलाच न्यावा लागतो.