दावा जिंकला तर वकील फी कोण देणार?

प्रश्न: खानापूर कोर्टात बांधाचा दावा चालू आहे. जिंकलो तर वकिलाची सगळी फी समोरच्याकडून मिळते काय?

उत्तर १: सगळी नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणं खर्च सहसा हरणाऱ्यावर बसतो. नाही बसवला तर कोर्टाला लेखी कारण द्यावं लागतं. पण वकील फी नियमाच्या दरानं धरतात, तुम्ही मोजलेल्या रकमेनं नाही.

उत्तर २: नोटीस, टायपिंग, नकला यांचा खर्च त्याच संहितेच्या आदेश २०-अ खाली मागता येतो. पावत्या जपा, खर्चाचा मेमो (खर्चाची यादी) वेळेत द्या, नाहीतर तो खर्च हुकूमनाम्यातून (कोर्टाच्या निकालाच्या अंतिम आदेशातून) गळतो.

उत्तर ३: खोट्या दाव्याबद्दल भरपाईला कलम ३५-अ आहे, पण मर्यादा ३,००० रुपये. चहापाण्याला तरी पुरतील काय! त्यापेक्षा समोरचा तारखा लांबवत असेल तर ३५-ब खाली तिथंच खर्च मागा. तो भरल्याशिवाय त्याला पुढं चालवता येत नाही.