प्रतिसाद: आधी उत्खनन, मग केबल
'विजेच्या कामाआधी पुरातत्त्वीय उत्खनन म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा' हे मत मला पटत नाही. इंग्लंडमधल्या सफकमध्ये 'ईस्ट अँग्लिया वन' या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पासाठी ३७ किलोमीटर भूमिगत केबल टाकायची होती. चर खणण्याआधी वुडब्रिजजवळ उत्खनन झालं, तेव्हा इ.स.पू. २३०० च्या सुमाराची लाकडी पायवाट मिळाली. जमीन झऱ्यांमुळे कायम ओली, हवा लागली नाही, म्हणून लाकूड कुजलंच नाही. तिथेच रानबैलाची कवटी सापडली, तीही पायवाटेपेक्षा सुमारे २००० वर्षं जुनी! कुणीतरी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली असावी, या कल्पनेनेच मला भरून येतं. जेसीबीच्या एका फटक्यात हे सगळं गेलं असतं. आणि प्रकल्प? तो २०२० मध्ये पूर्ण झालाच.