असईचा उतार, होळकरांची वाट आणि थकलेला पगार: 1803 मध्ये नेमकं चुकलं कुठे?

कंपूकर, ग्वाल्हेर

काल एक पोस्ट फिरत होती. सार एवढंच: दौलतराव शिंद्यांनी फिरंग्यांच्या नादी लागून कवायती पलटणी आणि तोफा पोसल्या, गनिमी कावा सोडला, म्हणून 1803 चं ईस्ट इंडिया कंपनीशी झालेलं युद्ध गेलं. घोडदळाने नुसती रसद तोडली असती तर कंपनीचा सेनापती वेलस्ली महिन्याभरात म्हैसूरला परतला असता. खाली सगळ्यांच्या माना डोलत होत्या. हे वाचून गप्प बसवत नाही.

रसद तोडायची म्हणजे नेमकं काय तोडायचं? आर्थर वेलस्लीने लढाईला तोंड लावलं ते मुद्दाम ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. नद्यांना पाणी असलं की आपलं घोडदळ एका काठावर अडकतं, आणि त्याच्याकडे मात्र कातड्याने मढवलेल्या टोपल्यांच्या नावा होत्या. गोदावरी त्याने तशीच ओलांडली. 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि धान्याचं ठाणं पक्कं केलं. तोफा ओढायला म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते, हैदर-टिपूच्या खात्यातले, 1799 ला कंपनीच्या हाती लागलेले. धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांवर, तेही फौजेबरोबर चालणारं. लांबलचक शेपूट असेल तर पेंढारी ते तोडतील. इथे शेपूट नव्हतंच.

आता असई. 23 सप्टेंबर, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा तळ. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीने पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर पाहिली आणि ताडलं की यांच्यामध्ये उतार असणारच. त्या उतारावर आपल्या तोफांचा मारा पोचत होता, वेलस्लीजवळच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. पण काठावर उभी पलटण एकही नव्हती! शिंद्यांच्या कवायती पायदळाचा फिरंगी सेनापती पोलमन याच्या दोन पलटणी आणि दहा-बारा हलक्या तोफा छर्रे भरून तिथल्या उंच काठावर असत्या, तर सगळी फौज पाण्यात कोंडली असती. चूक झाली ती ही.

आणि कवायतीला नावं ठेवणाऱ्यांनी पुढचं वाचावं. इंग्रज बगलेवर आलेले पाहताच पोलमनने दक्षिणेकडे तोंड असलेली अख्खी फळी पूर्वेकडे फिरवली. उजवी बाजू केळनेला, डावी असई गावाला. वेलस्लीला हे जमेल असं वाटलंच नव्हतं. आपल्या तोफांनी कंपनीच्या तोफांचे बैल जागीच लोळवले, त्यांना तोफा मागे टाकून पुढे यावं लागलं. इंग्रजांची 74 वी पलटण असईसमोर आली तेव्हा पाचशेतले चारशेच्या आसपास पडले. इंग्रजांचे एकूण 428 ठार, 1,138 जखमी. आपले गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि फळी पुढे सरकताच उठून तिच्या पाठीत बार काढू लागले. या माणसांना बिनकामाचं म्हणायचं?

राजवाडाचौक, इंदूर

लिहिलंय छान, पण सोयीचं तेवढंच. पुढच्याच वर्षी काय झालं ते ग्वाल्हेरकर कधीच सांगत नाहीत. 1804 चा पावसाळा. कंपनीचा कर्नल मॉन्सन पाच पलटणी घेऊन मुकुंदऱ्याच्या घाटापलीकडे उतरला, 2 जुलैला हिंगलाजगड घेतला आणि छाती फुगवून बसला. गुजरातेतून येणारा मरे महीकडे मागे सरला, यशवंतराव होळकर चंबळ उतरले, आणि मॉन्सनकडे दोन दिवसांचं धान्य! 8 जुलैला तो फिरला. माळव्याच्या काळ्या मातीत तोफा रुतल्या, शेवटी त्यांच्या कानांत खिळे ठोकून तिथेच सोडल्या. कोट्याच्या जालिमसिंगाने शहरात घेतलं नाही. बनासवर मार खाल्ला. 31 ऑगस्टला आग्र्याला पोचली ती फौज नव्हती, उरलेली माणसं होती. पावसाळा तोच, कंपनी तीच. फरक सेनापतीचा आणि पद्धतीचा.

असईला तीस-चाळीस हजार घोडं पश्चिमेला उभं होतं. 74 वी चेंगरली तेव्हा थोडे स्वार घुसले, मॅक्सवेलच्या घोडदळाने त्यांना परतवलं, बस. बाकीचे बघत राहिले आणि दौलतराव व भोसले निघून गेले. एक दुसरी लाट गेली असती तर? उतार राहू द्या भिया, आधी हे सांगा.

दांडियाबाजार, वडोदरा

दोघेही आपापल्या घराण्याची वकिली करताय. उताराचंच बघू. समजा वेलस्ली पिंपळगावला अडला. कंपनीची दुसरी फौज घेऊन स्टीव्हन्सन पश्चिमेकडून येतच होता, 24 ला संध्याकाळी तो पोचलाही. ठरलेला बेतच मुळी 24 ला दोघांनी मिळून हल्ला करायचा होता. म्हणजे उतार रोखून एक दिवस मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट फौज समोर आली असती. याला निकाल बदलणं म्हणत नाहीत.

शिवाय असई-असई करताना गुजरात कुणालाच आठवत नाही. 29 ऑगस्टला भडोच गेलं, 17 सप्टेंबरला पावागड. दोन्ही ठाणी शिंद्यांची. असईची पहिली तोफ उडायच्या आत पश्चिमेचं दार निखळलं होतं. दौलतरावांनी तिथे शिबंदी किती ठेवली होती, मदतीला कोण जाणार होतं, याचा विचार केलेला दिसत नाही.

राजवाडाचौक, इंदूर

दार निखळलं नाही, उघडून दिलं. तुमच्या गायकवाडांनी 1802 लाच कंपनीची तैनाती फौज घरात घेतली. भडोचवर चालून गेलेली फौज बडोद्याहूनच निघाली ना? मग शिंद्यांना शिबंदीचा हिशेब कसला विचारता?

दांडियाबाजार, वडोदरा

हे वाक्य दर वेळी तोंडावर फेकलं जातं, म्हणून आज पूर्ण उत्तर देते. आनंदराव गादीवर होते, कारभार रावजी आप्पाजी बघत होते, कडीचे मल्हारराव उलटले होते. आणि शहर होतं अरब शिबंदीच्या मुठीत. का? तर त्यांचा पगार थकला होता. दरवाजे त्यांच्या ताब्यात, खुद्द महाराज त्यांच्या पहाऱ्यात. कंपनीने डिसेंबर 1802 मध्ये बडोद्याला वेढा घालून त्यांना बाहेर काढलं, आणि थकबाकी भागली ती सावकारांच्या कर्जातून, कंपनीच्या बहांदरीवर, म्हणजे हमीवर. एकदा सावकार दरबारापेक्षा कंपनीच्या जामिनावर विश्वास ठेवायला लागला, की तिजोरीची किल्ली कुणाकडे गेली ते उघड आहे. ज्याला फितुरी म्हणता ती थकलेल्या पगाराची गोष्ट आहे. आणि हाच रोग शिंद्यांच्या छावणीत होता, होळकरांच्याही होता. तो तुम्ही पराक्रमाखाली झाकता.

कंपूकर, ग्वाल्हेर

पगाराचा मुद्दा आलाच आहे तर नीट घेऊ, कारण तो मला उतारापेक्षा मोठा वाटतो. महादजी शिंद्यांनी आपला फिरंगी सेनापती द बॉइन्य याला गंगा-यमुनेच्या दुआबातली जायदाद तोडून दिली ती याचसाठी. अलीगढभोवतीच्या परगण्यांचा वसूल थेट कंपूच्या, म्हणजे कवायती फौजेच्या, पगाराला लागे, मधे दरबारी हात नाही. महिना झाला की पैसे, म्हणून कवायत टिकली. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टरने तोफा ओतल्या त्याही याच पैशावर. पण या व्यवस्थेची खोट अशी की पगार एका जागेला बांधलेला. अलीगढ पडलं की पलटण मैदानात जिंकली तरी पुढच्या महिन्याला उपाशी.

4 सप्टेंबरला अलीगढ पडलं. खंदक खोल, तट भक्कम, आत जायला एकच वाट, आणि ती वाट खणून तोडायचं काम कुणी केलंच नाही. शिंद्यांच्या नोकरीतून फुटलेला ल्यूकन इंग्रजांना त्याच वाटेने घेऊन गेला. दरवाज्याला 6 पौंडी तोफ पुरली नाही, 12 पौंडी पुढे आणेपर्यंत तटावरून मारा खात ते तिथे उभे राहिले. पन्नास मजुरांनी दोन रात्रींत ती वाट कापली असती तर उत्तरेतला इंग्रज सेनापती लेक याला तोफखाना लावून रीतसर वेढा घालावा लागला असता. दिल्लीची लढाई 11 सप्टेंबरला झाली नसती.

नईसडक, लष्कर

वाट कापायचा हुकूम द्यायचा कुणी? शिंद्यांच्या उत्तरेतल्या फौजेचा फिरंगी सेनापती पेरॉन याने? त्याला कळलं होतं की दौलतरावांनी उत्तरेची सुभेदारी त्याच्याकडून काढून अंबाजी इंगळ्यांना द्यायचं ठरवलंय. सेनापती बदलायचा तर वसंतात बदला, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा. शत्रू कानपुरातून निघालेला असताना बदलणं हा सर्वांत वाईट मुहूर्त. त्याच ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरलचा जाहीरनामा निघाला, की शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अफसरांना कंपनी पोसेल. पेरॉन राजीनामा देऊन लेककडून सुरक्षित वाट मागून निघून गेला. त्याच्या हाताखालचा बूर्काँ दिल्लीला उरला, तो आधीच पेरॉनवर उलटलेला.

तरी दिल्लीची जागा उत्तम होती. तोफा मोर्च्यात, दोन्ही बगलांना दलदल. लेकने घोडदळ मागे पळाल्यासारखं केलं आणि आपलं पायदळ जागा सोडून त्याच्या मागे धावलं. मोर्चा सुटला तिथे लढाई सुटली. 68 तोफा गेल्या.

लासवारीला, 1 नोव्हेंबरला, वर फिरंगी अफसर नव्हते. त्याच पलटणींनी बांध फोडून वाटेत पाणी सोडलं, तोफा साखळीने एकमेकींना जोडल्या आणि लेकची आठशेवर माणसं पाडली. लेकनेही त्यांची तोंडभर तारीफ केली. म्हणजे शिपाई आणि तोफा कुठेही कमी पडल्या नाहीत. पलटणीत आपले सुभेदार वरपर्यंत चढवायचा निर्णय दहा वर्षं आधी हवा होता. माझ्या मते सगळ्यात मोठा 'तर' हाच.

राजवाडाचौक, इंदूर

बरं. हे मान्य करतो. हडपसरला 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतरावांच्याही कवायती पलटणी होत्या, हेही तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो. पण मग एवढं मान्य करा की ज्या होळकरांनी पेशवा आणि शिंदे एका दिवसात उधळले, त्यांना 1803 ला सोबत न घेणं ही या युद्धातली सगळ्यात महाग चूक होती.

नईसडक, लष्कर

सोबत घ्यायचं म्हणजे काय? ते आले नाहीत. माळव्यात बसून तमाशा पाहिला.

राजवाडाचौक, इंदूर

तमाशा? ऑक्टोबर 1801 मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, ते कुणाच्या हुकमाने? यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, तेव्हा दौलतराव कुठल्या बाजूला होते? त्यांचा पुतण्या खंडेराव कुणाच्या कैदेत होता? या माणसाने दोन वर्षांत पाठीत वार करणाऱ्यांच्या भरवशावर आपली फौज दख्खनला न्यायची? शब्द जपून वापरा.

छत्रीबाग, इंदूर

दादा, शांत व्हा. नईसडक, तुम्हीही. राग दोन्हीकडून खरा आहे, पण त्यात वेळेचा मुद्दा राहून जातोय. दौलतरावांनी सुर्जी-अंजनगावचा तह 30 डिसेंबर 1803 ला केला. होळकरांचं युद्ध पेटलं एप्रिल 1804 ला. मधे चार महिने. कंपनी एका वेळी एकाशीच लढली, हेच तिचं खरं यश.

आता कंपनीची बाजू बघा. युद्धाच्या कर्जाने लंडनचे डायरेक्टर हैराण होते. मॉन्सनची पळापळ कळली, भरतपूरच्या मातीच्या तटापुढे जानेवारी-फेब्रुवारी 1805 मध्ये चार हल्ले फसून लेकची तीन हजारांवर माणसं पडली. जड तोफा मोजक्याच, आणि मातीचा तट दगडासारखा फुटत नाही, गोळा गिळतो. गव्हर्नर जनरल वेलस्लीला, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाला, परत बोलावलं. कॉर्नवॉलिस आला तो युद्ध गुंडाळायला. नोव्हेंबर 1805 ला ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत मिळालं, डिसेंबरात राजघाटला होळकरांना. जे लढून गेलं होतं त्यातलं बरंच कंपनीची थैली रिकामी झाल्याने परत आलं. दौलतरावांनी तहाची बोलणी लांबवत पावसाळ्यापर्यंत नेली असती, तर मॉन्सनच्या वेळी लेकला दोन तोंडांनी लढावं लागलं असतं.

कंपूकर, ग्वाल्हेर

लांबवायची कशाच्या जोरावर? 29 नोव्हेंबरला अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. भोसल्यांनी 17 ला देवगावला तह करून अंग काढलं. असईला शंभराच्या आसपास तोफा गेलेल्या, लासवारीला सत्तरएक. दुआब हातात नाही म्हणजे पगार नाही. अंबाजी इंगळे कंपनीशी वेगळी बोलणी करत होते, ग्वाल्हेरचा किल्लाही फेब्रुवारीत गेला. घोडदळ होतं, पण घोड्याला दाणा लागतो, आणि 1803 चं दख्खन दुष्काळाने करपलेलं.

दांडियाबाजार, वडोदरा

पुन्हा पगार आणि दाणाच आला ना? मी तेच म्हणत होते.

कंपूकर, ग्वाल्हेर

आला. वडोदरेकरांचा मुद्दा मी वरच घेतला आहे, पुन्हा लिहून देऊ का? पण छत्रीबागताई, तुमच्या हिशेबात एक अडचण उरते. दौलतरावांनी 1805 ला हे करूनही पाहिलं. फौज घेऊन सबलगडला आले, एप्रिलमध्ये यशवंतराव तिथे येऊन मिळाले. शिंदे-होळकर एका तळावर!

छत्रीबाग, इंदूर

आले, पण भरतपूरच्या रणजितसिंगाने त्याच एप्रिलमध्ये लेकशी तह केला होता. फर्रुखाबादला 17 नोव्हेंबर 1804 च्या पहाटे लेकने होळकरांचं घोडदळ झोपेत गाठलं, तेव्हाच त्यांचं अर्धं बळ गेलं होतं. हेच सबलगड जानेवारीत झालं असतं, लेक तटाखाली अडकलेला असताना, तर भरतपूरच्या वेढ्याचं धान्य आग्रा-मथुरेहून यायचं आणि त्या वाटेवर दोघांचं घोडदळ असतं. तिथे तुमचा पहिला प्रश्न पुन्हा विचारा, की रसद तोडायची म्हणजे काय तोडायचं. तिथे शेपूट होतं, आणि ते लांब होतं.

कंपूकर, ग्वाल्हेर

भरतपूरपुरतं कबूल. असईला लागू करू नका.