नांगरावर उभ्या होडीत वादळ गाठते तेव्हा

निवटी (नेरूळ)

परवा संध्याकाळी नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याने घरी येताना पारसिकच्या डोंगरामागून करडे ढग झपाट्याने खाडीकडे सरकताना दिसले आणि सारसोळच्या खाडीत काढलेली ऑक्टोबरमधली एक जुनी संध्याकाळ आठवली. माझ्या सहकाऱ्याचे काका मूळचे मासेमार, त्यांची फायबरची लहान होडी, मागे छोटे इंजिन, आणि गळ टाकण्याच्या हौसेने बरोबर गेलेले आम्ही दोघे. ओहोटी लागली होती, वारा साफ पडला होता आणि अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या. डोंगरावर वीज चमकली तेव्हा मी धक्क्यावर परत जाऊ असे सुचवले. काकांनी आभाळाकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाले, "उठू नको. खाली बस, आन् दोर सोड."

पाणी जेमतेम दोन वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) असेल, तरी त्यांनी दहा-बारा वाव दोर सोडायला लावला. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, कडेवर दोर घासत होता तिथे भिजवलेले गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळले, गळाच्या काठ्या तळाशी आडव्या ठेवायला लावल्या आणि पाणी उपसायचा डबा माझ्या हातात दिला. पाठोपाठ गार हवेचा झोत आला, त्याला ओल्या मातीचा वास होता, आणि पाऊस असा आडवा कोसळू लागला की वाशीच्या पुलावरचे दिवे दिसेनासे झाले. होडी आधी ओहोटीच्या धारेला तोंड करून होती. वाऱ्याने तिला डोंगराच्या दिशेला फिरवले. अर्ध्या तासाच्या आत सारे संपले, परंतु तेवढा वेळ काका नाळेजवळ एका हाताने दोर धरून बसले होते.

आपल्यापैकी कुणी असे वादळ नांगरावर काढले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. धक्क्याकडे पळावे की आहे तिथेच थांबावे, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

दिवाळेकर

काकांनी योग्य तेच केले. ओहोटीच्या वेळी सारसोळ काय किंवा आमचे दिवाळे काय, धक्क्याकडे जाणारी वाट चिखलातून जाते. तिथे पाणी अरुंद असते, छोटे इंजिन समोरच्या वाऱ्याला पुरत नाही आणि ते मध्येच बंद पडले तर होडी आडवी होऊन लाटा कडेवरून आत येतात. नांगरावर निदान नाळ वाऱ्याला सामोरी राहते.

दोराविषयी थोडे लिहितो, कारण बऱ्याच जणांची समजूत असते की नांगर वजनाने होडी धरतो. तो फाळ चिखलात रुतवून धरतो, आणि फाळ रुतून राहण्यासाठी ओढ तळाला जवळजवळ समांतर लागते. आखूड दोराची होडी प्रत्येक लाटेबरोबर वर उचलली गेली की नांगर उपटला जातो. नांगर काढताना आम्ही मुद्दाम तेच करतो, होडी नांगराच्या बरोबर वर आणतो आणि सरळ खेचतो. म्हणून खोलीच्या पाच ते सातपट दोर, आणि नांगराजवळ काही हात साखळी असेल तर उत्तम, कारण तिच्या वजनाने ओढ खाली राहते. सोडताना मात्र मागे आणि बाजूला किती मोकळे पाणी आहे ते पाहावे लागते.

मोगरा (वाशी)

तुम्ही सर्व धीराची माणसे आहात. माझ्या यजमानांनी मला एकदा अशाच होडीतून मासेमारी पाहायला नेले होते. वादळ नव्हते, नुसता वारा होता, तरी नांगर टाकल्याबरोबर माझ्या पोटात जे ढवळायला लागले ते घरी पोहोचेपर्यंत थांबले नाही. होडी चालू असताना मला काहीही होत नव्हते, हे विशेष. आलेपाकाची संपूर्ण पुडी संपवली, उपयोग शून्य.

तिवरांच्या सावलीत (ऐरोली)

13 मे 2024 रोजी दुपारी धुळीचे वादळ आले, घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून माणसे दगावली, त्या दिवशी मी दिवा कोळीवाड्यातील मामांबरोबर खेकड्यांचे पाग (जाळी) पाहायला खाडीत होते. आधी उजेड पिवळट झाला, मग ऐरोलीचा पूल धुळीत बुडाला आणि तोंडात कचकच आली. मामांनी होडी तिवरांच्या आडोशाला घेऊन नांगर सोडला. तो त्यांनी फेकला नाही. हाताने हळू तळाला टेकवला, होडी मागे सरू दिली आणि दोर ताणला गेल्यावरच बांधला. फेकल्यास दोर फाळात गुरफटतो आणि मग नांगर नुसता घसटत जातो, असे त्यांचे म्हणणे. आम्हा सर्वांना त्यांनी मधोमध तळाशी बसवले. माझा लहान भाऊ भ्रमणध्वनीवर चित्रण करायला उभा राहिला, तेव्हा मामांनी त्याला जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

चेंदणीचा नातू

आमच्या आजोबांच्या वेळची ठाण्यातली चेंदणीची खाडी आता राहिलेली नाही, गाळ साचून ती उथळ झाली आहे, तरी त्यांचा एक अनुभव सांगतो. पूर्ण ओहोटीला त्यांची होडी विटाव्याच्या बाजूला चिखलावर बसली होती. वादळ आले, गरजले, निघून गेले, आणि होडी जागची हलली नाही. ते मात्र घाबरले होते पुढच्या भरतीला. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी चार-साडेचार मीटर चढते. ओहोटीला भरपूर वाटलेला दोर भरतीला आखूड पडतो. त्यामुळे वारा थांबल्यानंतरही त्यांनी झोप न घेता पाणी चढेल तसा दोर सोडला होता.

दिवाळेकर

आजोबांचा मुद्दा फार मोलाचा आहे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाबाबतही एक गोष्ट राहिली. मे आणि ऑक्टोबरमधली गडगडाटी वादळे बहुधा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात. आपण नेरूळच्या बाजूला असल्यामुळे किनारा वाऱ्याच्याच बाजूला होता आणि लाटेला वाढायला जागा मिळाली नाही. तोच वारा नैर्ऋत्येकडून असता तर खाडीभर वाढलेली लाट अंगावर आली असती, मागे खडक आणि तिवरे असती, आणि नांगर सुटला तर सावरायला वेळ मिळाला नसता. अशा वेळी मी ढग दिसताच, वारा सुरू होण्यापूर्वी, जागा बदलेन. वारा सुरू झाल्यावर मात्र नाही.

सुकाणू

इंजिन चालू ठेवायचे की बंद? आमच्याकडे याच्यावरून दोन भावांत अबोला झाला होता.

दिवाळेकर

चालू, पण अगदी मंद, नाळ वाऱ्याकडे ठेवून, म्हणजे नांगरावरचा ताण हलका होतो. दोराच्या पुढे होडी गेली तर दोर इंजिनाच्या पंख्यात अडकतो, मग नांगरही जातो आणि इंजिनही. भावांना माझा नमस्कार सांगा.

करंजाची लेक (नेरूळ)

माहेर उरणजवळच्या करंजाचे, म्हणून लिहिते. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तेव्हा इशारा आधीपासून होता, बोटी परतल्या होत्या आणि खाडीत एकमेकींना खेटून बांधल्या होत्या. वडिलांनी दोन नांगर कोन करून टाकले, कडेला जुने टायर लावले आणि इतके करूनही त्यांचा जीव टांगणीला होता तो शेजारच्या बोटीमुळे. तिचा एक दोर तुटला आणि ती आमच्या कडेवर आपटू लागली. पहाटेपर्यंत चार माणसे बांबूने तिला दूर लोटत उभी होती. आपला नांगर कितीही पक्का असला तरी वाऱ्याच्या बाजूला कोण उभे आहे ते पाहून जागा घ्यावी, हे वडील तेव्हापासून प्रत्येकाला ऐकवतात. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की तयारीला वेळ मिळतो. ऑक्टोबरच्या ढगासाठी बावट्याची वाट पाहत बसता येत नाही.

निवटी (नेरूळ)

ताई, अंगावर काटा आला. सर्वांचे आभार. काका दोर हातात धरून का बसले होते, ते मी नंतर विचारले होते. नांगर रुतलेला असेल तर दोर ताठ आणि स्थिर लागतो. तो घसटू लागला की दोरातून थरथर हाताला कळते. दिवे दिसत असते तर पुलावरचा एक आणि मागचा एक असे दोन दिवे एका रेषेत धरून होडी सरकते का ते पाहता आले असते, पण पावसात हातच कामाला आला. सहकाऱ्याने आता स्वतःची होडी घेतली आहे आणि दुकानदाराने त्याला पिवळा, पाण्यावर तरंगणारा दोर दिला आहे. तो नांगरासाठी चालेल का?

दिवाळेकर

नको. तरंगणारा दोर पंख्याजवळ येतो आणि ताणही फारसा झेलत नाही. नायलॉनचा घ्यावा; तो बुडतो आणि ओढ बसली की थोडा लांबतो, त्यामुळे नांगराला हिसका कमी बसतो. पिवळा दोर बोया बांधायला ठेवावा. घेण्यापूर्वी जाडी विचारायची असेल तर सहकाऱ्यांना होडीची लांबी घेऊन दिवाळ्याच्या धक्क्यावर पाठवा. सकाळी मासळीचा लिलाव आटोपल्यानंतर, त्याआधी कुणी बोलणार नाही.