मागणी ‘लवचीक’ की ‘स्थितिस्थापक’?

पेठकर:
मुलगी बारावी कॉमर्सला. काल तिच्याकडून ‘मागणीची लवचिकता’ म्हणून घेतली. व्याख्या घडाघडा म्हणाली. पण म्हणजे काय गं, विचारलं तर “रबरासारखं ताणलं जाणं”! रबर सोडलं की जागेवर येतं. मागणी कुठे येते? बरं, एका पुस्तकात लवचिक, दुसऱ्यात लवचीक. खरं कोणतं?

शब्दवेडी:
लवचीक, ‘ची’ दीर्घ. पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणून लवचिकपणा. ‘लवचिकता’ म्हणजे मराठी शब्दाला संस्कृत ‘ता’ चिकटवलेला. पण इतका रुळलाय की आता नाक मुरडून उपयोग नाही.

मूळ लवणे, म्हणजे वाकणे. ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं’ मधलं. रबराच्या गुणाला विज्ञानाच्या पुस्तकात निराळा शब्द आहे, स्थितिस्थापकता: मूळची स्थिती पुन्हा आणून देणारी. इंग्रजीत दोन्हीकडे इलॅस्टिसिटीच. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथातून तो शब्द मागणीसाठी रूढ केला. मराठीत दोन वाटा झाल्या ते बरंच झालं. भाव चढला की मागणी वाकते, किती वाकते ते मोजायचं. पुन्हा सरळ होण्याची हमी ‘लवचीक’ शब्दात नाहीच.

गाळेवाला:
आमचा भाजीचा धंदा, माल पुण्याच्या गुलटेकडीच्या घाऊक बाजारातून येतो. आमच्याकडे लवचिकता कुणी म्हणत नाही, ‘गिऱ्हाईक तुटतं’ म्हणतात. सोपे आकडे घेऊन सांगतो. कोथिंबीर १० रुपये जुडी असताना १०० जुड्या जातात. १५ केली की ४०. भाव ५० टक्के वाढला, खप ६० टक्के पडला. गल्ला १००० वरून ६०० वर. कांदा ३० चा ४५ झाला तर १०० किलोच्या जागी ८० जातो. माणूस कुरकुरतो, दोनाऐवजी दीड किलो घेतो, पण घेतो. गल्ला ३००० वरून ३६००! कोथिंबिरीवाचून आमटी होते, कांद्यावाचून घर अडतं. आणि कोथिंबीर महागली की भाजीवर फुकट मूठभर मागणाऱ्यांना मात्र अजून जोर येतो, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?

शब्दवेडी:
त्याला पुणेरी म्हणतात. :)
बाकी उदाहरण चोख. खपातल्या टक्क्यांना भावातल्या टक्क्यांनी भागा: कोथिंबीर १.२, कांदा ०.४. हीच लवचिकता. एकाच्या वर गेली की मागणी लवचीक, आत राहिली की अलवचीक, बरोबर एक म्हणजे एकक लवचीक. म्हणजे लवचीक-अलवचीक हे आहे किंवा नाही असं नसतं, कमी-जास्त असतं. ‘अलवचीक’ मला मात्र खटकतो. लाकडाला कुणी अलवचीक म्हणतं का? ‘ताठर मागणी’ म्हणा, मिठाची मागणी लगेच डोळ्यांपुढे येते. पुडा दहा रुपयांनी महागला म्हणून आमटी अळणी कोण खाणार?

पेठकर:
ताठर आवडला. पण एक राहिलंच. गाळेवाले म्हणतात खप पडला, पुस्तक म्हणतं मागणीचा ‘संकोच’, आणि पुढच्याच पानावर ‘ऱ्हास’ आहे. दोन्हींत कमीच होतंय ना?

शब्दवेडी:
कारण पाहा. भाव वाढला म्हणून कमी घेतलं तर संकोच. भाव तोच, पण श्रावण लागला नि तुमच्या घरात कांदा बंद झाला, तर ऱ्हास. भाव आणि मागणीच्या आलेखातली रेघ म्हणजे वक्र. संकोचात माणूस त्याच वक्रावर वर सरकतो, ऱ्हासात अख्खा वक्रच डावीकडे जातो. बोलताना आपण दोन्हीला ‘उठाव नाही’ म्हणून मोकळे होतो, तिथेच पोरांचे मार्क जातात.

गाळेवाला:
श्रावणाचं बरोबर. त्या महिन्यात कांद्याचा भाव पाडूनही काही घरं ढिम्म हलत नाहीत.

शब्दवेडी:
ती घरं ताठर! पेठकर, मुलीला सांगा, पेपरात मात्र ‘अलवचीक’च लिही. तपासणाऱ्याला ‘ताठर’ पटेलच असं नाही.