मेंडोलिनचा आवाज आणि पॉलिश: टोनगार्ड, आर्मरेस्ट वगैरे मागवू का?

डोंबिवलीचा_आठतारी

नमस्कार मंडळी. मोठी ताई गणपतीला अमेरिकेहून येतेय आणि म्हणाली काय हवंय त्याची यादी दे, बॅगेत जागा कमी आहे, तर म्हटलं तुम्हालाच विचारावं.

माझ्याकडे ए स्टाइल (थेंबाच्या आकाराची) मेंडोलिन आहे, सेकंडहँड, एफ होलवाली (पाटीवर इंग्रजी f सारखी भोकं), वरची पाटी स्प्रूसची कोरलेली, पाठ आणि बाजू मेपलच्या, प्लाय नाही. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला नायट्रो फिनिश (नायट्रोसेल्युलोजचं लॅकर) आहे. आवाज चांगला आहे म्हणजे वाद्य मुळात चांगलं आहे, पण मांडीवर घेऊन पोटाला टेकवून वाजवलं की दबल्यासारखा येतो, आणि उजवा हात जिथे कडेवर टेकतो तिथलं पॉलिश आता मॅट झालंय आणि जून महिन्यात तर चक्क चिकटतं, बाहीचा धागा चिकटून राहतो त्याला. अजून एक, कॉर्ड मारून हात थांबवला तरी मागे कुठेतरी किणकिण चालू राहते, पैंजण घातल्यासारखी.

यूट्यूबवर बघितलं तर पाठीला लावायचा टोनगार्ड, हाताखालचा आर्मरेस्ट, पिकगार्ड, घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) बदलणे, असं काय काय आहे. एवढं सगळं खरंच लागतं का? कशाने आवाज सुधारतो आणि कशाने फक्त पाकीट हलकं होतं?

(आधीच सांगतो, बँजो पार्टीतला बँजो नाही हा, घरी येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो.)

कॅरोलिनाचा_कुलकर्णी

मी इकडे नॉर्थ कॅरोलिनात असतो, ब्लूग्रासच्या (इकडच्या लोकसंगीताचा प्रकार) जॅमला जातो, तिथे निम्म्या लोकांच्या मेंडोलिनला टोनगार्ड असतो म्हणून सांगतो.

ती काय जादू नाही. कोरलेल्या वाद्याची पाठपण पाटीसारखीच हलते आणि आपण ती पोटाला चिकटवून तिचा गळा दाबतो. टोनगार्ड म्हणजे एक हलकी धातूची जाळीदार फ्रेम, ती फक्त कडांना पकडते आणि पाठ आणि आपल्या शर्टात बोटभर जागा ठेवते, बस. विकत घ्यायच्या आधी फुकट टेस्ट कर: एकच कॉर्ड आधी नेहमीसारखी पोटाला टेकवून मार, मग मेंडोलिन पोटापासून बोटभर लांब धरून तीच कॉर्ड तेवढ्याच जोरात मार. जी आणि डीच्या जाड तारांवर फरक आला, आवाज भरल्यासारखा वाटला, तर टोनगार्ड मागव. नाही आला तर ताईच्या बॅगेत चॉकलेटं येऊ देत.

दोन गोष्टी लक्षात ठेव. फ्रेमच्या पायांना रबरासारखं आवरण असतं, नायट्रोवर ते महिनोन्महिने तसंच लावून ठेवू नको, वाजवून झालं की काढ. आणि मापाचं बघ, ए आणि एफ (वरच्या कोपऱ्याला वळसा असलेल्या) स्टाइलचे वेगळे असतात, सपाट पाठीच्या वाद्याला वेगळा लागतो, गोल पोटाच्या जुन्या इटालियन पद्धतीच्या मेंडोलिनला तर तो बसतच नाही आणि तिला गरजही नाही, ती तशीही मोजक्या ठिकाणीच टेकते.

आर्मरेस्टचं मात्र मी डोळे झाकून हो म्हणेन. व्हायोलिनच्या चिनरेस्टसारखाच क्लॅम्प असतो, लाकडाची छोटी पट्टी कडेच्या वर तरंगते आणि हात तिच्यावर टेकतो. म्हणजे पाटी दबत नाही आणि घामही पॉलिशला लागत नाही. तुझ्या दोन तक्रारी एकाच वस्तूत मिटतात. क्लॅम्पच्या आत कॉर्क आहे ना ते बघ आणि पिन फिरवताना घसरू देऊ नको, त्या पिनेचा ओरखडा कायमचा राहतो.

मिरज_पॉलिशवाला

आमच्याकडे सतार तंबोऱ्याचं काम, मेंडोलिनी दुरुस्तीला येतात अधूनमधून, त्यामुळे मी फक्त पॉलिशचं बोलतो.

आधी नक्की काय फिनिश आहे ते बघा, विकणारा सांगतो त्यावर जाऊ नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मारलेलं फ्रेंच पॉलिश स्पिरिटने लगेच मऊ होतं. नायट्रो थिनरने विरघळतं. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर असेल तर त्याला दोन्हीने फारसं काही होत नाही. तपासायचं असेल तर तारा अडकवायच्या पत्र्याखाली, म्हणजे टेलपीसच्या खाली जी जागा झाकलेली असते तिथे, कान साफ करायच्या काडीच्या टोकाला अगदी टिपकाभर लावून. वर कुठे उघड्यावर नको, आणि हात थरथरत असेल तर तेही नको, कारागिराकडे न्या.

तुमचं चिकटतंय म्हणजे नायट्रो किंवा लाखच असणार. घाम, त्यातलं तेल आणि आम्ल यांनी ते मऊ पडतं, काही लोकांच्या घामाने जास्त. एकदा मऊ झालं की पुसून परत कडक होत नाही, फार तर त्या पट्ट्यावर परत हात मारता येतो. म्हणून पुढे लागू न देणं हाच उपाय, आर्मरेस्ट नसेल तर लांब बाहीचा सुती शर्ट घाला, तोही चालतो.

आता खरं सांगू का, वाजवण्याने जेवढं पॉलिश जात नाही तेवढं बाकीच्या गोष्टींनी जातं. यादीच देतो एका दमात: डासांचं क्रीम ज्यात डीईईटी असतं (ते नायट्रो सोडा, प्लॅस्टिकसुद्धा खातं), हँड सॅनिटायझर (म्हणजे स्पिरिटच), काच पुसायचा निळा स्प्रे, फर्निचर चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश, आणि रबराचा किंवा रेक्झीनचा पट्टा व स्टँड. हे शेवटचं लोकांना कळतच नाही. स्टँडच्या मऊ रबरातून जे द्रव्य झिरपतं त्याने नायट्रोवर डाग पडतो आणि तो घासून जात नाही. स्टँडला जुना सुती टॉवेल गुंडाळा. पट्टा सुती किंवा चांगल्या चामड्याचा घ्या, आणि रंगवलेलं स्वस्त चामडं घामात रंग सोडतं हेही बघा.

पुसायला मलमलचं जुनं कापड, गरज पडली तर किंचित ओलं, लगेच कोरडं. बाकी काही लागत नाही.

दादरचे_काका

मंडळी एवढी घाई कशाला. मी ऑर्केस्ट्रात वाजवत आलोय, आमच्या वेळी टोनगार्ड बिनगार्ड काही नव्हतं. लक्ष्मीकांत प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत मूळचे मेंडोलिनवाले, सज्जाद हुसेन तर मेंडोलिनवर शास्त्रीय संगीत वाजवायचे, हे सगळं या जाळ्यांशिवाय झालं.

माझा क्रम असा. आधी तारा, मग पिक, मग घोडी, मग काय ते दागिने.

तारा कधी बदलल्या? गंजलेल्या तारांवर कुठलीही अ‍ॅक्सेसरी लावा, आवाज कांस्याचाच येणार पण भांड्याचा. फॉस्फर ब्राँझचा चांगला सेट मागव, डॅडारिओचा ईजे७४ बऱ्याच कोरलेल्या मेंडोलिनींना चालतो, ११, १५, २६, ४० (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), आणि तेवढा ताण नको असेल तर ईजे७३, १०, १४, २४, ३८. चारपाच सेट सांग, वजन काही नसतं. बदलताना सगळ्या एकदम काढू नकोस, घोडी नुसती ताराच धरून ठेवतात, चिकटवलेली नसते, एकेक जोडी बदल.

पिक. तू काय पातळ लवचिक पिकने वाजवतोस ना? म्हणूनच कचकच येते. दीड मिलिमीटरच्या आसपासचं, गोल कोपऱ्याचं कडक पिक घे. एवढ्याशा पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. ट्रेमोलो (भरभर वरखाली पिक मारणं) सुरुवातीला अडखळेल, पण आठवडाभरात हात बसतो.

घोडी. बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव आणि तीच पट्टी दाबून वाजव, सूर वेगळे आले तर घोडी सरकलीये. दाबलेला चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकव, उतरता असेल तर मानेकडे. आणि घोडीचा पाया पाटीवर पूर्ण बसतोय का बघ, कडेने साधा कागद आत गेला तर बसलेला नाही. तो नीट घासून बसवला की जो आवाज उघडतो ना, त्यापुढे पाठीची जाळी म्हणजे वरची कोथिंबीर. नवीन घोडी मागवू नको उगाच, ती प्रत्येक पाटीला हाताने घासून बसवावी लागते, पाकिटातून काढून ठेवली असं होत नाही.

किणकिणीचं तर फुकटातलं काम आहे. घोडी आणि टेलपीस यांच्यामध्ये ज्या तारा आहेत त्याही वाजतात. तिथे मऊ चामड्याची बारीक पट्टी तारांमधून विणून टाक, आणि टेलपीसचं झाकण थरथरत असेल तर झाकणाखाली फेल्टचा तुकडा. गाणं म्हणताना आणि रेकॉर्डिंगला हे लागतंच.

कॅरोलिनाचा_कुलकर्णी

काका क्रमाबद्दल शंभर टक्के मान्य, पण टोनगार्डला कोथिंबीर म्हणू नका हो. तुमच्या वेळी माइक तोंडाशी असायचा, इथे दहा गिटारी आणि एक पाच तारांचा बँजो यांच्या मध्ये बसून स्वतःचं ऐकू यायला हवं.

आणि आवाज सुधारायची ही हौस आजची नाहीये. गिब्सनने १९२० च्या दशकात काही मेंडोलिनींच्या आत पाटीखाली लाकडाची एक पातळ चकती टांगली होती, व्हिर्झी टोन प्रोड्यूसर म्हणून, त्यांचा तेव्हाचा डिझायनर लॉइड लोअर याच्या काळातल्या काही एफ-५ मॉडेलमध्येसुद्धा. नंतर बऱ्याच मालकांनी ती काढून टाकली, काही लोक आजही तिच्यासाठी शोधत फिरतात. कोण बरोबर हा वाद शंभर वर्षं मिटलेला नाही. टोनगार्डचा फायदा हा की नाही आवडला तर दोन सेकंदात निघतो.

डोंबिवलीचा_आठतारी

बापरे, एवढं सगळं. धन्यवाद सगळ्यांना.

चामड्याची पट्टी आत्ताच टाकली, जुन्या चपलेचा बंद कापून (आई बघत होती, काही बोलली नाही), किणकिण खरंच गेली. कागद टाकून बघितला, घोडीच्या एका बाजूला आत जातो, म्हणजे काकांचं बरोबर. बोटभर लांब धरायची टेस्टपण केली, जीच्या तारेवर फरक आहे, एच्या वर मला तरी कळला नाही.

पिकगार्डचं कोणीच बोललं नाही? पाटीवर एफ होलपाशी नखांचे बारीक ओरखडे येतायत. आणि पावसाळ्यात तारा उंच होतात माझ्या, तो प्रकार काय आहे?

रत्नांग्रीचो

पावसाळ्याचं मी सांगतो, आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा घाम सोडतात.

लाकूड ओल पितं, पाटी फुगते आणि वर येते, तिच्याबरोबर घोडी वर, म्हणून तारा उंच. ऊन पडलं की परत खाली. घोडीला दोन छोटी चाकं असतील तर तारा ढिल्या करून ती जराशी खाली फिरव, दिवाळीनंतर परत वर. घोडी घासून बारीक करायला जाऊ नको, हिवाळ्यात तारा पट्ट्यांना लागतील.

अमेरिकेतली माणसं केसमध्ये ओलावा घालायच्या वस्तू सुचवतात, कारण त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर लावून घर कोरडं पडतं आणि लाकूड तडकतं. आपल्याकडे जुलैत ती घातली तर बुरशीला निमंत्रण. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्याला बरी, आपल्याकडे बाहेर नव्वदच्या जवळ असते. ताईला एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) सांग, तो खरा उपयोगी. सिलिका जेल इथेच मिळतं, नारंगी घे, भरलं की हिरवं होतं, मग वाळवायचं. निळं घेऊ नको, त्यात कोबाल्ट असतं, आणि स्वयंपाकाच्या तव्यावर तर कुठलंच भाजू नको. ४९ टक्केवाली ती दुतर्फा (ओलावा सोडणारी आणि शोषणारीही) पाकिटं आपल्या पावसाळ्यात पटकन पिऊन फुगतात, महाग पडतात.

केस बंद ठेव, वाद्य भिंतीवर टांगू नको, आणि एसी गाडीतून उतरवून दमट हवेत लगेच केस उघडू नको, पाचदहा मिनिटं थांब, नाहीतर पाणी धरतं.

मिरज_पॉलिशवाला

पिकगार्ड लावा, पण तरंगता, म्हणजे पाटीला चिकटवलेला नको. चिकटपट्टीवाला लावाल तर काढताना पॉलिश घेऊनच निघेल. लाकडाचा किंवा साध्या प्लॅस्टिकचा घ्या. जुन्या वाद्यांवरचे सेल्युलॉइडचे सुंदर दिसतात पण वय झालं की सडतात आणि त्यांच्या वाफेने जवळच्या तारा पट्ट्या गंजतात, कोणी जुना म्हणून भाव लावला तर घेऊ नका. बरेचसे लोक पिकगार्ड बोट टेकवायला वापरतात, तुम्ही करंगळी टेकवत असाल तर तसा बनवून घ्या, उंची हवी तशी.

नखांचे ओरखडे मात्र पिकगार्डने पूर्ण थांबत नाहीत, पिक पुढे गेलं की पाटीलाच लागतं. नखं कापा.

डोंबिवलीचा_आठतारी

ओके, मग ताईला यादी: ईजे७४ चे चार सेट, जाड पिक दोनतीन, आर्मरेस्ट, हायग्रोमीटर. टोनगार्ड शेवटी, जागा उरली तर. पिकगार्ड इथे सुतारकाकांकडून. घोडी बसवायला मिरजेला येऊ का?

मिरज_पॉलिशवाला

त्यासाठी मिरजेपर्यंत नको, मुंबईत व्हायोलिन दुरुस्त करणाराही घोडीचा पाया घासून देईल, त्याला रोजचं काम आहे ते. फक्त नवीन तारा आल्यावर जा, जुन्यांवर बसवून परत नव्या टाकल्या तर परत तपासावं लागतं. आणि चिकटणाऱ्या पट्ट्यावर पॉलिश मारायचं असेल तर आत्ता पावसात नाही, दमट हवेत मारलं की पांढरं धुरकट पडतं. दसऱ्यानंतर बघू.

दादरचे_काका

ईजे७४ आधी एकच सेट टाकून बघ, सेकंडहँड आहे ना वाद्य, पाटी घोडीपाशी बसलेली दिसली तर लगेच ७३ वर ये. म्हणजे दोन दोन सांग ताईला.

डोंबिवलीचा_आठतारी

दोन ७४ दोन ७३. पाठवला मेसेज. ताईचं उत्तर आलं, "टोनगार्ड म्हणजे काय, कस्टमवाल्याला काय सांगू?"

कॅरोलिनाचा_कुलकर्णी

सांग म्हणावं वाद्याचा स्टँड आहे, चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून टाकायचा, मी दोनदा आणलाय.