घरघंटीची आगाऊ रक्कम : कार्ड, एनईएफटी की धनादेश?

निपाणीचे गुरुजी (प्रश्न)

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून घरासाठी एक घरघंटी घ्यावयाची आहे. नातवाच्या संगणकावर राजकोटच्या एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ती पसंत पडली. किंमत साडेअठरा हजार रुपये. माझा फोन साधा, बटणांचा आहे. त्यावर ओटीपी येतो, परंतु यूपीआय मी वापरत नाही आणि या वयात शिकण्याची हौसही नाही. संकेतस्थळावर कार्डाची सोय दिसते, तरीही विक्रेता फोनवर म्हणतो की अर्धी रक्कम एनईएफटीने खात्यावर टाकावी. शेजाऱ्यांचे मत असे की कार्डाचा नंबर कोठेही देऊ नये, त्यापेक्षा शाखेत फॉर्म भरून पैसे पाठवावेत, कारण तेथे निदान माणूस समोर असतो. जाणकारांनी कृपया सांगावे. धनादेश अथवा डीडी अधिक सुरक्षित ठरेल काय?

खानापूरचा माजी बँक कर्मचारी

गुरुजी, शेजाऱ्यांचा सल्ला मायेचा आहे, पण उलटा आहे. समोर बसलेला माणूस आपली सही तपासतो. राजकोटचा विक्रेता खरा की खोटा, हे तो तपासत नाही. एनईएफटीत रक्कम आपण स्वतः होऊन पाठवलेली असते आणि ती एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झाली, की त्याच्या संमतीशिवाय बँक ती परत आणू शकत नाही. पूर्वी तर केवळ खाते क्रमांक पाहूनच रक्कम जमा होत असे. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला. एनईएफटी करावीच लागली, तर शाखेत ते नाव विचारून घ्यावे आणि ते दुकानाच्या नावाशी जुळत नसेल तर तेथूनच परत फिरावे.

कार्डाचे तसे नाही. माल आलाच नाही, तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम परत मिळवण्याची, मागणी करता येते आणि मग विक्रेत्याला माल पाठवल्याचा पुरावा द्यावा लागतो. नंबर चोरीला जाण्याचे भयही पूर्वीइतके राहिलेले नाही, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे एक वेगळा सांकेतिक क्रमांक, वापरले जाते.

तरीही कोणी परस्पर पैसे काढलेच, तर रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक लक्षात असू द्यावे. चूक आपली नाही, बँकेचीही नाही, आणि संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आपण कळवले, तर आपल्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्यावर कमाल १०,००० रुपयांपर्यंतची झळ बसू शकते. मात्र ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान आपले. आपल्या भागात बँकेचे संदेश इंग्रजीत आणि फॉर्म कन्नड-इंग्रजीत येतात. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेली वडीलधारी माणसे ते संदेश नातवंडे घरी येईपर्यंत तसेच ठेवतात, आणि मुदतीचे दिवस नेमके त्यातच जातात.

शहापूर पेठ, बेळगाव

साड्यांचा व्यवसाय असल्याने धनादेशाबद्दल विक्रेत्याच्या बाजूने लिहितो. एका परगावच्या गिऱ्हाइकाने पाठवलेल्या धनादेशाच्या फोटोवर विश्वासून मी पार्सल रवाना केले आणि पुढे तो धनादेश वटला नाही. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ आहे, शिवाय २०१५ च्या दुरुस्तीमुळे खटला माझी बँक जेथे आहे त्या बेळगावातच चालला असता. पण चार साड्यांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? त्यामुळे अनोळखी गिऱ्हाइकाचा धनादेश वटल्याखेरीज आम्ही माल पाठवत नाही. गुरुजींना यात फायदा इतकाच, की धनादेश वटण्यापूर्वी बँकेला सांगून तो थांबवता येतो. डीडीचे तसे नाही. त्याची रक्कम आधीच कापलेली असते आणि केवळ आपल्या सांगण्यावरून बँक सहसा तो थांबवत नाही. शिवाय धनादेशाचा फोटो कोणालाही पाठवू नये, कारण त्यावर खाते क्रमांक आणि सही दोन्ही एकाच जागी मिळतात.

चिकोडीकर

माल मिळाल्यावर रोख, हा मार्ग कोणी सुचवला नाही. पूर्वी पुण्याहून पुस्तके व्ही.पी.ने येत, तोच हा प्रकार आहे. परंतु खोके उघडण्याआधीच पैसे मोजावे लागत असतील, तर आत घरघंटी आहे की दगड, हे पोस्टमनला तेव्हा ठाऊक नसे आणि कुरिअरवाल्यालाही आज नसते.

निपाणीचे गुरुजी

सर्वांचा आभारी आहे. आज विक्रेत्याला कार्डाने पैसे देतो असे कळवले, तर तो म्हणतो की कार्डावर दोन टक्के जादा पडतील. माझे कार्ड रुपे डेबिट आहे. शिवाय या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद असल्याचे नातू सांगतो.

खानापूरचा माजी बँक कर्मचारी

रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे कार्डाने पैसे घेण्याबद्दल बँकेला द्यावे लागणारे शुल्क, लागत नाही. त्यामुळे ते दोन टक्के कशाचे, हे त्यालाच लेखी विचारावे. ऑनलाइन वापर बंद आहे, हे चांगलेच आहे. मार्च २०२० पासून नवी कार्डे तशीच मिळतात. एटीएमवरून अथवा बँकेच्या फोन सेवेवरून तो त्या दिवसापुरता सुरू करावा, मर्यादा एकोणीस हजारांची ठेवावी आणि पैसे भरून झाल्यावर पुन्हा बंद करावा. विक्रेता तरीही एनईएफटीवरच अडून बसला, तर घरघंटी बेळगावातही मिळते.